डुकराचा हंडा, आबांचं नाक

उज्जैन शाकाहारी आहे असं उज्जैनच सगळ्यांना सांगत असतं. बाहेरगावचा माणूस इथे उतरतो, पोहे-जिलबी खातो, दाल-बाफले खातो, दर्शन घेतो आणि खूश होऊन परत जातो. आम्ही इथे कित्येक पिढ्या राहतो. या शहराच्या पोटात काय काय जातं ते आम्हाला विचारावं, पण विचारत कुणी नाही, आणि विचारलं तरी आम्ही सांगत नाही. "कल सब्जी बन रही है," एवढा एक फोन आमच्याकडे पुरतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या हंड्यावर जेवायला येणाऱ्यांत ठेकेदार असतात, बँकेचे साहेब असतात, आणि ज्यांच्या घरात लसणीची पाकळीसुद्धा येत नाही असे तिघेचौघे तर हमखास असतात. हेच लोक सगळ्यांत आधी येतात, शर्टाच्या बाह्या वर करतात आणि विचारतात, "भिया, सांट है ना?"

सांट म्हणजे डुकराची कातडीसकट चरबी. बोटभर जाडीचा तो तुकडा आपल्याच तेलात तासन् तास शिजला की वरून लाल आणि आतून मऊ होतो. ज्याला ती आवडते त्याला बकरं बेचव लागतं. मला आवडते. अतिशय आवडते. हे मी पहिल्यांदाच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे ते रागाने सांगणार आहे, आणि न आवडणाऱ्या गोष्टीसाठी माणूस एवढा राग धरत नाही.

आमचे मूळ पुरुष फौजेबरोबर माळव्यात आले ते दरबारच्या शिकारखान्यात चाकरीला. वाघ सरकारांनी मारायचा, डुक्कर आमच्या लोकांनी. वाघाचं कातडं दरबारात गेलं, डुक्कर आमच्या घरात राहिलं. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना हे अजून पचत नाही. आईचं माहेर साताऱ्याकडचं. तिकडे मटणाच्या ताटावर तुटून पडणारे लोक डुकराचं नाव निघालं की नाकाला पदर लावतात. आई लग्न होऊन इथे आली, आणि मरेपर्यंत तिने त्या हंड्यातलं बोटभरही खाल्लं नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला त्यासाठी मरेपर्यंत टोमणे मारले.

शिकार बंद झाली, शिकारखाना गेला, सरकारही गेले. आमच्याकडे राहिला एक भाला आणि हा हंडा. जनावर आता शहराबाहेरच्या एका फार्मवरून येतं, पण बाकीची रीत तशीच आहे. दसऱ्याला भाल्याची पूजा होते, दुसऱ्या दिवशी हंडा चढतो. हंडा पुरुषांनी करायचा. त्यातही पळा एकाच्याच हातात असतो, आणि ज्याच्या हातात पळा तो घराण्याचा कर्ता. बायकांनी हंड्याजवळ जायचं नाही, त्यांची सावलीही पडता कामा नये. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे भाल्यापुढे पहिलं पान ठेवेपर्यंत कुणी चाखायचं नाही. करणाऱ्यानेसुद्धा नाही. चाखलं की उष्टं झालं.

मग मीठ कळायचं कसं? वासावरून. आबा म्हणायचे, हंडा बोलतो, फक्त ऐकायला नाक लागतं. आधी कच्च्या मांसाचा वशट वास असतो. तो पुरता गेल्याशिवाय मीठ घालायचं नाही, नाहीतर तो आत कोंडून बसतो. तो गेला की चरबीला भाजलेल्या शेंगदाण्यांसारखा वास सुटतो. तेव्हा मीठ. मीठ बरोबर पडलं की वास थोडा बसतो, धूळ बसावी तसा. मग अख्ख्या मिरच्या आणि लसूण. हे शास्त्राला धरून आहे की नाही मला माहीत नाही, आणि मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पण मला तो वास कळतो. लहानपणापासून कळतो.

आबांचं नाक खरोखरच अलौकिक होतं. चार पावलं लांब उभे राहून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "अजून दोन मुठी." आणि त्या दोन मुठी बरोबर असायच्या. मी हे भिंतीआडून पाहायची आणि माझ्या नाकाशी ताडून बघायची. बहुतेक वेळा माझंही तेच उत्तर यायचं. मला वाटायचं, हे आबांना सांगितलं तर ते खूश होतील.

मी आठवीत असताना सांगायला गेले. सगळे पुरुष गप्पा मारत होते, आबा एकटे हंड्यापाशी होते. मी पळत जाऊन म्हणाले, "आबा, वास गेला, आता मीठ!" आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग हंड्याकडे. दुपारचं ऊन तिरपं होतं आणि माझी सावली बरोबर हंड्याच्या तोंडावर पडली होती. त्यांनी काकाला हाक मारली, दोघांनी फडक्यांनी हंडा धरला आणि सगळाच्या सगळा कुंपणाजवळच्या खड्ड्यात ओतला. त्या दिवशी आलेले सगळे लोक शेव-परमल, म्हणजे शेव-चुरमुरे, खाऊन परत गेले. माझी चुलत भावंडं महिनाभर माझ्याशी बोलली नाहीत. आबा तर तसे रोज बोलत होते, पण त्या दिवसाबद्दल त्यांनी मला कधी रागावलंही नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

पुढची कितीतरी वर्षं मी बायकांबरोबर जेवले. म्हणजे पुरुषांचं उरकल्यावर उरलेल्या हाडांवर. तेवढ्यातही आबांचं कसब कळायचं. मी लग्न करून भोपाळला गेले, दोन वर्षांत परत आले. मला आणायला आबा स्वतः आले होते. बसमध्ये म्हणाले, "चूक तुझी नाही, बेटा. माणसंच हलकी निघाली." माधव नगरच्या घरात मग मी, आई आणि आबा. नंतर आई गेली. आम्ही दोघं उरलो.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत आबांना दवाखान्यात ठेवावं लागलं. बरे होऊन घरी आले, चालू-फिरू लागले. एके दिवशी मी शाळेतून आले तर दारातच गॅसचा भपकारा. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, नळी चालू होती, आणि आबा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी ओरडत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. आबांनी पेपर खाली केला आणि विचारलं, "काय झालं गं?"

त्यांना माझ्या तोंडावरून कळलं. मग त्यांनी हिंगाची डबी उघडून नाकाला लावली. मग अत्तराची कुपी. मग फिनेलची बाटली. मग शर्ट वर करून स्वतःची काख. नंतर खाली बसले आणि हमसून हमसून रडले. मी त्यांना असं रडताना कधीच पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही. रडून झाल्यावर नाक पुसलं आणि पहिलं वाक्य बोलले, "तुझ्या भावाला कळता कामा नये."

भाऊ म्हणजे माझा चुलतभाऊ. काका वारल्यावर घराण्यात पुरुष म्हणून आबांच्यानंतर तोच. प्रॉपर्टीचा धंदा करतो. दिवसभर गुटखा, आणि त्याचा वास मारायला अंगभर डिओ. नानाखेड्याला त्याचा एक प्लॉट आहे, भिंत घातलेला, आत एक पडवी आणि काळी पाण्याची टाकी. माधव नगरात शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या तेव्हापासून हंडा तिथेच होतो. पळा कधी आपल्या हातात येतो याची तो बऱ्याच वर्षांपासून वाट बघत होता आणि दर दसऱ्याला न चुकता आबांच्या तब्येतीची चौकशी करायचा.

त्या वर्षी दसरा जवळ आला तसे आबा जेवेनात. मग एका संध्याकाळी मला समोर बसवून म्हणाले, "लसूण सोलायला एक बाई लागते. तू टाकीमागे बस."

"आणि?"

"आणि काय. नळावर हात धुवायला मी येईन. तेव्हा सांग."

सावलीचं काय, असं मी विचारलं नाही. आबांनी आधीच विचार केला होता. टाकीमागे बसलेल्या बाईची सावली कुठेच पोचत नाही. त्यांनी चुलीचे दगडही हलवले, म्हणजे वारा हंड्यावरून टाकीकडे येईल. लोकांना सांगितलं, वास्तूच्या हिशोबाने दिशा बदलली. लोकांनी माना डोलावल्या.

तर मी टाकीमागे पाटावर बसले, पुढे लसणीची टोपली. आबा पळा हंड्याला टेकवून नळापाशी आले, नळ सोडला आणि पाण्याकडे बघत पुटपुटले, "गेला?"

"नाही. थांबा."

थोड्या वेळाने परत. "आता?"

"गेला. मीठ घाला. चार मुठी, मग परत या."

ते गेले. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, मी उडेन. पडवीत तीस-चाळीस माणसं बसली होती, तोंडाला पाणी सुटलेली, आणि त्या सगळ्यांचं जेवण मी त्या टाकीमागे बसून चालवत होते. मांसाला कुणी हात लावत होतं, पळा कुणी फिरवत होतं, पण हंडा माझा होता. हंडा उतरला, भाल्यापुढे पान ठेवलं, आणि पहिला घास घेऊन ठेकेदार ओरडला, "काका साब, क्या नाक पाई है आपने! पूरे उज्जैन में ऐसा कोई नहीं बनाता!" आबा छातीवर हात ठेवून किंचित वाकले. मी टाकीमागून टाळ्या ऐकल्या आणि माझ्याच मांडीवर हलकेच टाळी वाजवली.

घरी येताना ते माझ्या स्कूटीवर मागे बसले होते. फ्रीगंजच्या पुलावर म्हणाले, "आज मी कमाल केली."

मी म्हणाले, "हो आबा." मला खरंच काही वाटलं नाही. माझ्या मनात होतं, हे आमच्या दोघांमधलं आहे. बाहेर त्यांचं नाव, आत माझं काम. पुढची दोन-तीन वर्षं हेच चाललं, आणि दरवर्षी हंडा आधीपेक्षा सरस झाला. मी नाकाला जपू लागले. दसऱ्याच्या आधी आठ दिवस उदबत्ती बंद, प्रयोगशाळेत अमोनियाची बाटली दुसऱ्या बाईंना उघडायला लावायची.

या वर्षी आबांचे हात थरथरू लागले. पळा भरला की अर्धा सांडायचा. नवरात्रात एका दुपारी ते म्हणाले, "यंदा पळा द्यायला लागणार."

मी वाटच बघत होते. म्हणाले, "मला द्या."

आबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"सावली-बिवली आता कोण मानतं?" मी म्हणाले. "तिकडे बायका विमानं चालवतात. आणि करते तर मीच आहे ना?"

"नाक तुझंच आहे, ते खरं," आबा म्हणाले. "पण लोक?"

"लोकांना चवीशी मतलब. चव चांगली असली की खातील."

"हं." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बघू. देवीवर सोडू."

डोक्यावर हात ठेवला म्हणजे हो म्हणाले, असं मी धरलं. गच्चीवर विटा मांडून अर्धा किलोचा छोटा हंडा केला, नुसता पळ्याचा हात बसावा म्हणून. आबांना ताट दिलं. त्यांना चव लागत नव्हती, त्यांनी तुकडा बोटांत दाबून पाहिला आणि म्हणाले, "शिजलंय बरोबर." मी नवी सुती साडी आणली. पदर आगीत जाऊ नये म्हणून खोचायला घट्ट काठाची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती साडी नेसून मी नानाखेड्याला गेले. सगळे जमले होते. आबांनी फेटा बांधला होता. भाल्याला हार घातला, पळा दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला, वळले आणि चुलतभावाच्या हातात दिला.

भावाने गुटखा थुंकून पळा घेतला आणि आबांच्या पाया पडला. टाळ्या झाल्या. मी लसणीची टोपली घेऊन उभी होते. ठेकेदार तसा बरा माणूस, त्याची नजर माझ्याकडे गेली. हसत म्हणाला, "काका साब, बिटिया को दे देते! शौकीन तो वो भी है।"

आबाही हसले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अरे, इससे घर नहीं संभला, हंडा क्या संभलेगा!"

पडवी हसली. सगळी. काकूसुद्धा हसली, तोंडाला पदर लावून. भोपाळच्या बसमध्ये ज्या माणसाने मला चूक तुझी नाही म्हणून सांगितलं होतं, तोच हा माणूस. मी टोपली घेऊन टाकीकडे चालू लागले.

थोड्या वेळाने आबा टाकीपाशी आले. नळ सोडला. "बस नेहमीच्या जागी. त्याला मी लसूण आणायला पाठवत जाईन. त्याला सांग वेळेवर."

"त्याला माहीत आहे, मी काय सांगते ते?"

"त्याला कशाला माहीत पाहिजे? बोलता बोलता सांग. आता मीठ टाकतोस का, असं काहीतरी. तुला जमेल ते."

म्हणजे मी यापुढे भावाचं नाक व्हायचं होतं, आणि भावाला ते कळूही द्यायचं नव्हतं. आबा पाण्याखाली हात चोळत उभे होते. त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं. मघाशी ते जे बोलले ते त्यांच्या लेखी विनोद होता, होऊन गेला होता, आता कामाचं बोलत होते.

मी म्हणाले, "आबा, मला सर्दी झालीय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सर्दी नाही हे त्यांना कळलं. पण माझ्याशी भांडायचं तर मोठ्याने भांडावं लागलं असतं, आणि काय म्हणून भांडणार होते? नळ तसाच वाहत ठेवून ते परत गेले. मी नळ बंद केला, टोपली काकूच्या पुढ्यात ठेवली आणि बायकांमध्ये खुर्ची ओढून बसले.

मग मी सगळं बघितलं. भावाने कातडीवरचे केस नीट भाजलेच नव्हते. हंडा चढून घटकाभर झाली नाही तोच त्याने मीठ घातलं. वशट वास तसाच होता, माझ्या बाजूला बसलेल्या पोरीटोरींनाही तो कळावा इतका होता. लसूण त्याने आधी घातली, ती जळली. तिचा कडू वास वर आला आणि तिथेच राहिला. भाऊ पळा फिरवत मोबाइलवर कुणाला तरी प्लॉटचा भाव सांगत होता. आबा हंड्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मान पुढे करून हुंगत होते. पुन्हा पुन्हा हुंगत होते. वाफेने त्यांचा चष्मा ओला झाला, पण नाकाला काहीही कळलं नाही.

"काकासाहेब, झालं का बघा," भाऊ म्हणाला.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या लांबून, सगळ्यांच्या डोक्यांवरून, सरळ माझ्याकडे. मी फोन काढला आणि त्यात बघत बसले.

"झालं," आबा म्हणाले. "उतरव."

भाल्यापुढे पान ठेवलं गेलं. पंगत बसली. मी खुर्चीतून पुढे सरकले. मला काय हवं होतं ते मला स्वच्छ माहीत होतं. पहिल्या घासाला ठेकेदाराचं तोंड वाकडं झालेलं मला बघायचं होतं. बँकेच्या साहेबाने रुमाल तोंडाला लावलेला बघायचा होता. कुणीतरी विचारावं, आज काय बिघडलं काका साब? आणि आबांनी सगळ्यांसमोर मान खाली घालावी. मी त्या घासाची वाट बघत होते.

ठेकेदाराने घास घेतला. बराच वेळ चावला. दातांतून एक राठ केस ओढून काढला, पत्रावळीच्या कडेला पुसला आणि मान डोलावत म्हणाला, "वाह! पूरे उज्जैन में ऐसा कोई नहीं बनाता!"

"हाथ तो काका साब का ही उतरा है," बँकेचा साहेब म्हणाला. "सांट इधर भी देना भिया।"

मग सगळी पंगत सुरू झाली. ज्याच्या घरात लसूण येत नाही असा तो एक, त्याने तर दोनदा बोटं चाटली. जळक्या लसणीत, कोंडलेल्या वासात, केसांसकट. कुणी पाणी मागितलं नाही. कुणी पानात टाकलं नाही. मी एकेकाचं तोंड निरखून पाहत होते, कुणी खोटं बोलतंय का बघत होते. खोटं कुणीच बोलत नव्हतं. त्यांना खरंच आवडत होतं.

राग यायचा तो आलाच नाही आधी, नुसतं पोकळ वाटलं. टाकीमागची माझी सगळी वर्षं, त्याच्या आधीची आबांची चाळीस वर्षं, खड्ड्यात ओतलेला तो हंडा. या लोकांना त्यातलं काहीच कळलेलं नव्हतं. त्यांना डुक्कर हवं होतं, चोरून हवं होतं, आणि बायको जवळ नसताना हवं होतं. ते मिळत होतं. बाकी नाकाचं कौतुक ते आमच्याकडे जेवायला यायचं म्हणून करत होते.

"इकडे ये," आबांनी हाक मारली.

ते पंगतीच्या टोकाला खुर्चीवर होते, मांडीवर ताट, ताटाला हात लावलेला नव्हता. मी गेले. त्यांनी हळूच ताट माझ्याकडे सरकवलं. "चाख बरं."

पुरुषांच्या पंगतीत, त्यांच्या ताटातून, सगळ्यांसमोर. हे आयुष्यात पहिल्यांदा होत होतं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. मी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. गिळायला जड गेला.

"कसं बनलंय?"

त्यांचा आवाज मला ओळखता आला नाही. डोळे माझ्या तोंडावर लागले होते. त्यांना काय ऐकायचंय ते मला दिसत होतं. पळा त्यांनी दिला होता, पण हात द्यायचा नव्हता. पुतण्याने आपल्यासारखं केलं नाही, एवढं त्यांना कुणाकडून तरी हवं होतं, आणि सांगू शकेल असं या प्लॉटवर एकच माणूस होतं.

"वाईट झालंय आबा," मी म्हणाले. "वास आतच राहिलाय. लसूण करपली. मीठ खूप आधी पडलं."

"खरं?"

"खरं. खाववत नाही."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर ते लहान वाटले. ताठ बसले. फेटा सारखा केला. "मला वाटलंच," म्हणाले. "त्याच्याच्याने व्हायचं नाही हे. नाक लागतं."

तेवढ्यात समोरून बँकेचा साहेब पत्रावळ उंचावून ओरडला, "काका साब, फर्क ही नहीं! आँख बंद करके खाओ तो लगे आपने ही बनाया है!" बाकीच्यांनी त्याला दुजोरा दिला. ठेकेदाराने तर शपथ घेतली.

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. उजळलेला चेहरा विझायला थोडा वेळ लागला. मी तो विझताना पूर्ण बघितला, नजर काढली नाही.

"हे लोक," ते म्हणाले, "माझ्या वेळीही हेच म्हणायचे."

"हो."

"मग यांना कळत..."

"नाही कळत. कधीच कळत नव्हतं."

मी हे गोड करून सांगितलं नाही. सांगता आलं असतं. मघाची पडवी माझ्या कानांत अजून हसत होती. आबांनी पत्रावळींच्या ओळीवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक माणूस बघितला. त्यातल्या निम्म्यांच्या बापांनाही त्यांनी वाढलं होतं. फेट्याखालचं त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं आणि जबडा उगाचच हलत होता. मला त्यांची दया आली. नको असताना आली, पण आली.

मी त्यांच्या खुर्चीपाशी वाकले. "तुमचं खरंच चांगलं व्हायचं, आबा," मी म्हणाले. "मला कळायचं. प्रत्येक वेळी."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मुद्दाम लागावं म्हणूनही नाही. एखादी गोष्ट समजावून सांगावी तसं म्हणाले, "तुला कळून काय उपयोग?"

मग त्यांनी ताट माझ्यापुढून आपल्याकडे ओढलं, एक मोठा तुकडा तोंडात घातला आणि चावता चावताच माझ्या भावाला हाक मारली. "ए, इकडे सांट वाढ रे अजून. मस्त बनलंय!"